रेघ पेपरानंतर ओढली जाते, हे मुलांना आधी सांगा

नागपुरातल्या आंतरराष्ट्रीय शाळांचे मुख्याध्यापक आणि परीक्षा समन्वयक यांना,

सप्रेम नमस्कार.

मी निवृत्त शिक्षिका आहे. ३१ वर्षं नागपुरात दहावीला गणित शिकवलं आणि त्यातले २२ उन्हाळे उत्तरपत्रिकांचे गठ्ठे तपासण्यात गेले. माझा नातू यंदा तुमच्यापैकी एका शाळेतून आयजीसीएसई, म्हणजे केंब्रिजची दहावीच्या तोडीची परीक्षा, पास झाला. शाळेचं नाव लिहीत नाही, कारण हे एकाच शाळेत घडतं असं मला वाटत नाही. निकालानंतर आमच्या कॉलनीतली आणखी चार मुलं आईवडिलांना घेऊन माझ्याकडे येऊन गेली. शाळा वेगवेगळ्या होत्या, दुखणं तेच होतं.

मे महिन्याचा मध्य. दुपारचे पडदे ओढलेले होते, कूलरमध्ये नुकतंच पाणी टाकलं होतं आणि घरभर वाळ्याचा वास होता. नातू लॅपटॉप घेऊन जेवणाच्या टेबलाशी बसला, आम्ही दोघं त्याच्या पाठीशी उभे. निकालाचा कागद उघडला. विषयाचं नाव, त्यापुढे अक्षर, त्यापुढे एक आकडा. फिजिक्सच्या ओळीत बी होता आणि त्यापुढे ७९. आमच्या ह्यांनी आकडा आधी वाचला. "एकोणऐंशी! अरे वा, डिस्टिंक्शन!" म्हणत ते फ्रीजमधून संत्राबर्फीचा डबा काढायला वळले. पोरगा जागचा हलला नाही. "आबा, ऐंशीला ए असतो," तो म्हणाला. "एकानं गेला."

सुनेनं शाळेत फोन लावला. तिकडून उत्तर आलं, "या वेळी बाउंड्री वर गेली मॅडम. त्यात आमच्या हातात काही नसतं." यातलं दुसरं वाक्य खरं आहे. पहिल्या वाक्यासाठी मी हे पत्र लिहिते आहे. बाउंड्री म्हणजे ग्रेडची रेघ, त्या ग्रेडला लागणारे किमान गुण.

नातवाच्या अभ्यासाच्या टेबलावर, भिंतीला, पिवळ्या कागदाची एक चिठ्ठी चिकटवलेली आहे. जानेवारीत पालकसभा झाली होती. समन्वयकांनी पडद्यावर मागच्या काही सत्रांचे थ्रेशोल्ड, म्हणजे त्याच रेघांचे आकडे, दाखवले आणि प्रत्येक विषयापुढे एक आकडा दिला : एवढे आले की ए. त्यातला फिजिक्सचा आकडा त्या चिठ्ठीवर आहे, खाली दोन रेघा मारलेला. मॉकमध्ये, म्हणजे सराव परीक्षेत, त्यानं तो आकडा दोनदा ओलांडला. मग फेब्रुवारीत फिजिक्सचं पुस्तक कपाटात गेलं. मी विचारलं तर म्हणाला, "फिजिक्स होऊन गेलं आजी, आता हिंदी करून राहिलो." मी गप्प बसले. तो आकडा कुठून आला आणि त्याला किती अर्थ आहे हे मलाही तेव्हा ठाऊक नव्हतं. ३१ वर्षं शिकवून मी नातवाला तेव्हा एक प्रश्न विचारला नाही, ही माझी चूक आहे आणि ती मला लागून राहिली आहे.

निकालानंतर मात्र राहवलं नाही. आठवडाभर नातवाला शेजारी बसवून केंब्रिजचे थ्रेशोल्डचे तक्ते, नियम, परीक्षकांचे अहवाल वाचून काढले. तो वाचायचा, मी वहीत उतरवायची. जे समजलं ते असं.

मुलं पेपर लिहीत असतात तेव्हा ए ची रेघ अजून कुठेच नसते. आधी पेपर तपासले जातात. तपासणाऱ्यानं गुणदान योजनेप्रमाणे गुण द्यायचे, ग्रेडशी त्याला काही देणंघेणं नसतं. सगळे गुण हाती आल्यावर अनुभवी परीक्षक रेघा ठरवायला बसतात. त्यांच्यासमोर एकीकडे आकडे असतात : या पेपरात मुलांना एकंदर किती गुण मिळाले, सरासरी कुठे आली, गुण कसे पसरले, आधीच्या सत्रांशी ताडलं तर काय दिसतं. दुसरीकडे प्रत्यक्ष उत्तरपत्रिका असतात. रेघ जिथे पडेल असं वाटतं, त्याच्या आजूबाजूचे गुण मिळालेल्या उत्तरपत्रिका काढून ते वाचतात आणि पूर्वीच्या सत्रात रेघेवर असलेल्या उत्तरपत्रिकांच्या शेजारी ठेवून पाहतात. विचारायचा प्रश्न एकच असतो. पूर्वी ज्या तयारीच्या मुलाला ए मिळाला, तेवढ्याच तयारीच्या मुलाला या पेपरात किती गुण पडले असते? पेपर अवघड असेल तर ७० पैकी ४८ पडले असते, सोपा असेल तर ५४. रेघ तिथे जाते. (हे आकडे मी समजण्यापुरते घेतले आहेत. ते कुणी भिंतीवर लिहू नयेत.)

सगळ्याच रेघा अशा चर्चेनं ठरत नाहीत. मोजक्या महत्त्वाच्या रेघांवर परीक्षक बसतात आणि मधल्या हिशेबानं भरल्या जातात. आयबी या दुसऱ्या आंतरराष्ट्रीय बोर्डात १ ते ७ अशी श्रेणी असते. तिथे ३ आणि ४, ६ आणि ७, २ आणि ३ यांच्या मधल्या रेघा उत्तरपत्रिका पाहून ठरवतात, बाकीच्या त्यांच्यामध्ये समान अंतर पाडून येतात. केंब्रिजचा ए-स्टार, म्हणजे ए च्याही वरची ग्रेड, सुट्या पेपरला नसतोच, तो पूर्ण विषयाच्या एकूण गुणांवर ठरतो. आमच्या कॉलनीतली एक मुलगी तीन दिवस "पेपर चारमध्ये ए-स्टारला किती लागत होते" हे शोधत बसली होती. तिला हे कुणी सांगितलेलंच नव्हतं.

म्हणजे "बाउंड्री वर गेली" याचा अर्थ, बहुतेक वेळा, पेपर थोडा सोपा निघाला आणि सगळ्यांनाच चार गुण जास्त मिळाले. माझ्या नातवालाही मिळाले असणार. रेघ वर गेली तेव्हा तोही तिच्यासोबत वर गेला होता, फक्त एक गुण मागे राहिला. फोनवर हे वाक्य असं सांगितलं असतं तर त्या पोराच्या डोक्यात "माझं नशीबच वाईट" हा विचार आठ दिवस फिरत राहिला नसता. तुम्ही जे म्हणालात ते त्यानं असं ऐकलं की तो धावत होता आणि कुणीतरी शेवटची फीत उचलून पुढे नेली.

मला या पद्धतीबद्दल तक्रार नाही, हे स्पष्ट लिहिते. उलट वाचताना बरं वाटलं. आमच्याकडे ३५ म्हणजे ३५. ६० ला प्रथम श्रेणी, ७५ ला विशेष प्रावीण्य. पेपर कसाही निघो, रेघ जागची हलत नाही. २२ उन्हाळे मी त्या रेघेच्या अलीकडे-पलीकडे लाल पेन घेऊन बसले आहे. ३३ वर थांबलेली उत्तरपत्रिका हातात आली की पुन्हा पहिल्या पानापासून सुरुवात करायची. कुठे सूत्र बरोबर लिहिलं आहे का, कुठे पायरीचा अर्धा गुण द्यायचा राहिला का, आकृतीत लंब दाखवला आहे का. प्रमेयाच्या पानावर पोरानं "पक्ष" आणि "साध्य" एवढंच नीट लिहून पुढे कोरं सोडलेलं असायचं, आणि त्या कोऱ्या पानाकडे बघत मी बसायची. पेपर किचकट निघाला त्या वर्षी असे गठ्ठे वाढायचे. पोरं तीच, मास्तर तेच, अभ्यास तोच, पण वर्ष अवघड. पेपर काढणाऱ्याच्या हाताचा भार पोरांनी वाहायचा. तो भार पोरांच्या डोक्यावरून काढून रेघेवर टाकता येतो, हे मला निवृत्तीनंतर नातवामुळे कळलं. पद्धत चांगली आहे. म्हणूनच ती मुलांना न समजावता त्यांच्यावर नुसती आदळते याचं वाईट वाटतं.

दुसरा एक गैरसमज मुलांमध्ये खोल बसला आहे. नागपुरात घराघरात जेईई आणि सीईटी असल्यामुळे पर्सेंटाइल हा शब्द पाचवीतल्या पोरालाही ठाऊक असतो. तिथे तुमचा आकडा सांगतो की तुमच्या मागे किती जण आहेत. मुलं हाच हिशेब इथे लावतात. "आमच्या बॅचमध्ये सगळेच हुशार आहेत, म्हणून माझा ए गेला," असं एका मुलानं मला सांगितलं. दोन मित्रांनी एकमेकांना नोट्स देणं थांबवलं होतं. केंब्रिजमध्ये "इतक्या टक्के मुलांनाच ए" असा कोटा नसतो. जगभर हजारो मुलं ज्या पेपरला बसतात, तिथे वर्धा रोडवरच्या एका वर्गातल्या २६ मुलांनी एकमेकांना शिकवलं म्हणून कुणाची रेघ हलत नाही. हे त्या दोन मित्रांना डिसेंबरमध्ये कुणी सांगितलं असतं तर!

आता ते ७९. हा आकडा म्हणजे शंभरापैकी मिळालेले गुण नव्हेत, हे आमच्या घरात कुणालाच माहीत नव्हतं. त्याला परसेंटेज युनिफॉर्म मार्क म्हणतात. ग्रेडच्या रेघा आधी ठरतात आणि मग मुलाचा खरा गुण त्या रेघांमध्ये कुठे बसतो त्यावरून हा आकडा निघतो. ए-स्टार ९० पासून, ए ८० पासून, बी ७० पासून, सी ६० पासून, अशी ती पट्टी कायमची आखलेली आहे. समजा एखाद्या विषयात २०० पैकी १४० ला ए आणि १२० ला बी ठरला. ज्याला १३० मिळाले तो बरोबर मध्ये आहे, म्हणून त्याच्या कागदावर ७५ येईल. १३० चे शेकडा काढाल तर ६५ होतात. नातेवाइकांना बी सांगितला की ते "पुढच्या वेळी" म्हणून पाठीवर हात ठेवतात आणि ७९ सांगितले की पेढे मागतात. दोन्ही एकाच पेपरबद्दल. पोराला या दोन चेहऱ्यांमध्ये उभं राहावं लागतं, आणि खरं काय ते सांगायला त्याच्याकडे शब्द नसतात, कारण शाळेनं ते दिलेले नसतात.

पाच दिवस मागे लागल्यावर शाळेनं त्याचे घटकनिहाय, म्हणजे प्रत्येक पेपरचे सुटे, गुण दिले. ते शाळेच्या संगणकात होतेच. टेबलावर कागद ठेवून आम्ही हिशेब केला. फिजिक्सला तीन पेपर. बहुपर्यायी ४० गुणांचा, लेखी ८० गुणांचा आणि प्रात्यक्षिकाला पर्याय म्हणून असलेला ४० गुणांचा. पण वजन ३०, ५० आणि २० टक्के. म्हणून २०० च्या पट्टीवर आणताना बहुपर्यायीच्या एका गुणाचा दीड होतो, लेखीतल्या एकाचा सव्वा, आणि प्रात्यक्षिकवाल्या पेपरमधला एक हा एकच राहतो. नातवानं हा हिशेब आयुष्यात पहिल्यांदा केला. पेन्सिल खाली ठेवली आणि म्हणाला, "म्हणजे एक एमसीक्यू बरोबर आला असता तरी झालं असतं." चाळीस प्रश्नांतला एक. फेब्रुवारीत कपाटात ठेवलेलं पुस्तक मला तेव्हा आठवलं, त्यालाही आठवलं असणार. त्यानं उठून चिठ्ठीकडे पाहिलं, पण काढली नाही.

मुख्याध्यापक महोदय, मुलांना एक आकडा देणं ही तुम्हाला मदत वाटते. मुलाच्या हातात तो आकडा कुंपण होऊन बसतो. हुशार मूल त्याच्या पलीकडे गेलं की थांबतं, आणि मागे असलेलं मूल तो बघून हात टेकतं. मी वर्गात दोन्ही पाहिलं आहे. आकडा दाखवायचाच असेल तर एक दाखवू नका. मागच्या सहा-सात सत्रांचे आकडे रांगेत लावा आणि ते कसे वरखाली होतात ते मुलांनाच आलेखावर काढायला सांगा. आलेख कागद, पेन्सिल आणि एक तास, एवढंच लागेल. ज्या मुलानं स्वतःच्या हातानं तो वाकडातिकडा आलेख काढला, ते "एवढे आले की झालं" असं पुन्हा म्हणणार नाही.

मॉकबद्दल थोडं जास्त लिहिते, कारण खरी गल्लत तिथे होते. नातू धरून मी पाहिलेल्या पाच मुलांपैकी तिघांच्या मॉकचा पेपर वेगवेगळ्या वर्षांच्या पेपरमधले प्रश्न वेचून बनवलेला होता. शिक्षकांनी मेहनत घेतली होती, प्रश्न चांगले होते. पण असा पेपर झाला की त्याला कुठलाच थ्रेशोल्ड लागत नाही. थ्रेशोल्ड हा त्या एका पेपरचा, त्यातल्या सोप्या-अवघडाच्या त्या एका मिश्रणाचा असतो. प्रश्न पाच पेपरमधून घ्यायचे आणि रेघ सहाव्या पेपरची लावायची, हे गणितात बसत नाही. मी दहावीच्या पोराला असं करू दिलं नसतं. मॉक घ्यायची तर एका सत्राचा अख्खा पेपर घ्या, वेळ तीच ठेवा, गुणदान योजना तीच, आणि निकाल लावताना त्याच पेपरच्या तक्त्यातली रेघ लावा. क्रमांक नीट बघा. गणिताचा ०५८०/२२ आणि ०५८०/२१ हे दोन वेगळे पेपर आहेत आणि त्यांच्या रेघा वेगळ्या असतात. शिवाय अभ्यासक्रम बदलला की जुनी रेघ निरुपयोगी होते. २०२४ पर्यंत एक्स्टेंडेड, म्हणजे वरच्या पातळीच्या, गणिताचे दोन पेपर ७० आणि १३० गुणांचे होते. २०२५ पासून दोन्ही १०० चे झाले आणि एकात कॅल्क्युलेटर चालत नाही. बेरीज दोन्हीकडे २०० च येते, म्हणून जुन्या तक्त्यातला आकडा उचलून नव्या पेपरला लावायचा मोह होतो. एका मुलीच्या वहीत मी तसा लावलेला पाहिला.

हीच गोष्ट देशादेशांची. नातवाची मामेबहीण सिंगापूरला असते. तिनं तोच विषय दुसऱ्या सत्रात दिला आणि तिला कमी गुणांत ए मिळाला. लगेच घरात सुरू झालं की भारतातल्या मुलांवर अन्याय करून राहिले. केंब्रिज जगाचे भाग पाडून वेगवेगळे पेपर देतं, म्हणजे एका देशात सकाळी फुटलेला पेपर दुसऱ्या देशातल्या मुलाला दुपारी उपयोगी पडू नये. भारतातल्या शाळांसाठी तर मार्चचं सत्र आहे, म्हणजे निकाल मे महिन्यात हाती येतो आणि इथल्या अकरावीच्या प्रवेशाला मूल वेळेत पोचतं. पेपर वेगळा म्हणून रेघ वेगळी. तिचा ए आणि याचा ए एकाच तोलाचा राहावा म्हणूनच ती वेगळी ठेवलेली आहे. सुनेला हे समजावायला मला दहा मिनिटं लागली. तुमच्या एका पालकसभेत ती दहा मिनिटं सहज निघतील.

पालक इतके लवकर संशय का घेतात, तेही लक्षात घ्या. महाराष्ट्रात बोर्डाबोर्डांची तुलना हा जुना घाव आहे. २००८ साली अकरावीच्या प्रवेशासाठी पर्सेंटाइलचं सूत्र आलं, २००९ साली ९०:१० चा कोटा आला, म्हणजे ९० टक्के जागा राज्य बोर्डाच्या मुलांना. दोन्ही मुंबई उच्च न्यायालयानं रद्द केले. २०१० मध्ये बेस्ट फाइव्हचा, म्हणजे सर्वांत चांगल्या पाच विषयांचेच गुण धरायचे याचा, वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. ते वाद ज्यांनी तेव्हा पाहिले, तीच माणसं आज तुमच्या पालकसभेत बसतात. गुणांवर कुठेतरी काहीतरी प्रक्रिया होते म्हटलं की त्यांच्या पोटात गोळा येतो. तो गोळा "आमच्या हातात काही नसतं" या वाक्यानं जाणार नाही.

प्रेडिक्टेड ग्रेड, म्हणजे परीक्षेआधी शिक्षकानं अंदाजानं लिहून दिलेली ग्रेड, मात्र तुमच्या हातात असते. २०२० साली कोविडमुळे परीक्षा झाल्या नाहीत तेव्हा इंग्लंडमध्ये काय झालं ते तुम्हाला माहीत आहेच. शिक्षकांनी दिलेल्या ग्रेड गणिती सूत्रातून काढल्या, ए लेव्हलच्या सुमारे ४० टक्के ग्रेड खाली आल्या, १३ ऑगस्टला निकाल लागला आणि मुलं रस्त्यावर उतरल्यावर १७ ऑगस्टला तो मागे घेऊन शिक्षकांच्या ग्रेड द्याव्या लागल्या. त्या वर्षी सूत्राला वाचायला उत्तरपत्रिकाच नव्हत्या. मला त्यातून एवढंच दिसतं की शिक्षकाचा अंदाज ही वजनदार गोष्ट आहे, आणि परदेशी विद्यापीठात अर्ज करणाऱ्या मुलासाठी ती आजही आहे. माझ्याकडे आलेल्या एका मुलाला शाळेनं सगळीकडे ए-स्टार लिहून दिलं होतं. मूल खूश व्हावं, पालक खूश व्हावेत, म्हणून. निकालानंतर तो मुलगा आठवडाभर गच्चीवरच्या खोलीतून खाली आला नाही. त्याची आई माझ्या स्वयंपाकघरात उभी राहून रडली. बी आणि सी वाईट नव्हते हो. पण त्याला जे सांगितलं होतं त्याच्यासमोर ते वाईट दिसले.

फेरतपासणीची गोष्ट थोडक्यात. ती शाळेमार्फतच मागावी लागते, मूल परस्पर मागू शकत नाही. तिला मुदत असते, पैसे लागतात, आणि ग्रेड खालीही येऊ शकते, म्हणून मुलाची संमती घ्यायची असते. गुण पुन्हा तपासले जातात, पण रेघ त्यानं हलत नाही. आमच्या नातवाच्या बाबतीत हे सगळं आम्हाला मुदत संपल्यावर कळलं. ७९ वर थांबलेल्या मुलाला तरी शाळेनं त्याच दिवशी फोन करून विचारायला हवं होतं. गुण वाढले असते असं माझं म्हणणं नाही. विचारलं असतं तर निर्णय त्याचा राहिला असता.

माझी विनंती अशी आहे. डिसेंबरात, मॉकच्या आधी, प्रत्येक शाळेनं दहावीच्या मुलांना आणि पालकांना एकत्र बसवावं आणि रेघ कशी ठरते ते मराठीत आणि हिंदीत सांगावं. इंग्रजीत नको. पालकसभेत सूट घालून बसलेल्या बापालाही "थ्रेशोल्ड" चा अर्थ विचारायला लाज वाटते, हे मी माझ्या मुलाच्या तोंडून ऐकलं आहे. जे आजीआजोबा दुपारी मुलांजवळ असतात त्यांनाही बोलवा. निकालाच्या दिवशी घटकनिहाय गुण, त्या सत्राचा तक्ता आणि फेरतपासणीची शेवटची तारीख एकाच कागदावर मुलाच्या हातात द्या. आणि जानेवारीतली ती स्लाइड काढून टाका.

समजावून सांगायला माणूस नसेल तर मी येते. मला मानधन नको. फळा आणि खडू असला की पुरे, प्रोजेक्टर मला जमत नाही. दोन खोट्या वर्गांचे गुण फळ्यावर लिहीन, एकाचा पेपर सोपा, एकाचा अवघड, आणि रेघ कुठे ओढायची ते मुलांनाच विचारीन. परवा घरी तसं करून पाहिलं. नातू आणि त्याचे चार मित्र, फरशीवर खडूनं. अर्ध्या तासात त्यांचं भांडण लागलं, कुणी म्हणे ५२ वर, कुणी म्हणे ५५ वर, आणि प्रत्येक जण आपल्या बाजूनं कारण देत होता. शेवटी ते ५४ वर आले. पाचही जणांना पटलं.

जुलैपासून शनिवारी दुपारी मी मोकळी असते.

आपली,
एक निवृत्त गणित शिक्षिका
त्रिमूर्तीनगर, नागपूर